दारातला पालक : आदिलाबादच्या शाळांचा मागोवा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या शाळांत पालक आणि शिक्षक यांच्यात खटका उडतो तो फार वेळा वर्गातल्या गोष्टीवरून नसतोच. भाषा, सुट्टी, जातीचा दाखला, कापसाची वेचणी अशी त्याची मुळं शाळेबाहेर असतात. ती शिक्षकाने निर्माण केलेली नसतात, उत्तर मात्र त्यालाच द्यावं लागतं. हे उत्तर कसं द्यावं, याचे धडे इथल्याच ऐंशी वर्षांत सापडतात.

१९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्धच्या गोंड उठावाचे नेते कुमुराम भीम मारले गेले. त्या उठावानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणं समजून घेण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवलं. १९४३ मध्ये मारलवाईला (तेव्हा आदिलाबाद, आज कुमुराम भीम आसिफाबाद जिल्हा) गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. त्या काळच्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. सरकारी माणूस म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, दंड, उठवलेली वस्ती. अशा सरकारच्या शाळेत पोर धाडायचं कशाच्या भरवशावर? मारलवाईने हा भरवसा दिला तो शिक्षक गावातलाच नेमून. त्याच्याशी गोंडीत बोलता येत होतं, गोंडीत भांडताही येत होतं. मला मारलवाईचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

१९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आदिलाबादमधून नांदेडकडे गेलं. जैनथ, बेला, तामसीकडची मराठी बोलणारी गावं तेलुगू राज्यात राहिली. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा चालू राहिल्या, पण वेळापत्रक हैदराबादचं. तिथे दसऱ्याला लांब सुट्टी आणि दिवाळीला अगदी थोडी. सोयरे मात्र यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडला. भाऊबीजेला आजोळी गेलेलं मूल आठवड्याने उगवतं, गैरहजेरी लागते आणि बाप दारात येतो : "दिवाळीला पोरगं मामाकडं नाही तर कुठं जाईल, सर?" याच दिवसांत कापूस वेचणीला आलेला असतो आणि हातांची गरज असते. इथे आधी नियम वाचून दाखवणारा शिक्षक बोलणंच संपवतो. बापाला बसवावं, त्याचं पूर्ण होऊ द्यावं, मुलाला मध्ये उभं करू नये, मग हजेरीपट उघडून कुठला धडा बुडाला ते दाखवावं. वेचणीसाठी शाळा बुडणार असेल तर तिथे मात्र नमतं घेऊ नये. मुलाचा हक्क ठामपणे सांगावा, पण बापाची अडचण खोटी ठरवू नये. त्याहून बरं म्हणजे दिवाळीआधीच घरी जाऊन परतीचा दिवस ठरवून घेणं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायद्याने हे सौजन्य कर्तव्यात आणलं. पालकांच्या नियमित भेटी घेऊन हजेरी आणि प्रगती सांगणं शिक्षकावर बंधनकारक झालं, मुलाला मारणं वा मानसिक छळणं बेकायदा ठरलं, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना मिळाल्या. २०१८ मध्ये तेलुगू सक्तीचा कायदा झाला, २०२२ मध्ये सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आलं. दोन्ही वेळा 'आमच्या मराठीचं काय?' याचं उत्तर शिक्षकाकडेच मागितलं गेलं.

सर्वांत अवघड परीक्षा २०१७ च्या अखेरीस झाली. लंबाडा समाजाला १९७६ च्या दुरुस्तीने इथे अनुसूचित जमातीत स्थान मिळालं होतं. त्याविरुद्ध गोंड आणि इतर आदिवासींचं आंदोलन पेटलं आणि काही गावांनी लंबाडा शिक्षकांना शाळेत येऊ दिलं नाही. वाट अडवणाऱ्यांत त्यांच्याच विद्यार्थ्यांचे आईवडील होते. कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हाती नसलेला हा वाद. अशा वेळी अनुसूचित जमातींच्या यादीतली नोंद बरोबर की चूक, हे शाळेच्या फाटकात ठरवायला बसू नये. शिक्षकाची सुरक्षितता आधी पाहावी, वरिष्ठांना लेखी कळवावं आणि गावाच्या पटेलाशी एकाच गोष्टीवर बोलावं : वर्ग कधी आणि कसे भरतील. मला यात दोन्ही बाजूंचं दुःख दिसतं. मारलवाईची 'आपला शिक्षक' ही कल्पना २००० च्या सरकारी आदेशाने एजन्सी (अनुसूचित) भागातल्या शिक्षकपदांवर अनुसूचित जमातींच्या शंभर टक्के आरक्षणापर्यंत नेली होती. २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे पुढे मुलांची भाषा न जाणणारा शिक्षकही या वाड्या-गुड्यांत येणार. त्याला गोंडी, कोलामी, लंबाडी, मराठी यांतलं निदान कामापुरतं बोलणं शिकवण्याची जबाबदारी खात्याने घ्यायला हवी. रागावलेल्या आईशी दुभाष्यामार्फत बोलणं फार वेळ टिकत नाही.

२०२४ मध्ये तेलंगणात अम्मा आदर्श पाठशाळा समित्या झाल्या. बचतगटांच्या महिला त्यांत आहेत, मुख्याध्यापक निमंत्रक, आणि शाळेची दुरुस्ती, पाणी, स्वच्छतागृहं यांची कामं त्यांच्याकडे. तक्रार घेऊन येणारी आई आता हिशेब विचारायला येते. बेला, जैनथकडे तिची भाषा मराठी आहे. बैठकीचा वृत्तांत तेलुगूत लिहिला असेल तर तिची सही किंवा अंगठा घेण्याआधी मुख्याध्यापकांनी तो तिला मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा, रकमांसकट.