स्वतंत्र कारागीर आणि त्याचें बलुतें

पूर्वीं गांवचे सुतार-लोहार शेतकऱ्याचें काम वर्षभर करीत आणि त्याचा मोबदला त्यांस सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्यरूपानें मिळे. ह्यासच बलुतें म्हणत. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गांवगाडा' ह्या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें वर्णन आहे. तींत दोष पुष्कळ होते. धंदा जन्मानें ठरे, आणि ज्यांच्या वांट्यास हलकीं मानलेलीं कामें येत त्यांस त्यांतून सुटका नसे. ती व्यवस्था मोडली हें इष्टच झालें. परंतु कामकऱ्याचा वांटा केव्हां व कोठें मिळावयाचा, एवढें तरी तींत ठरलेलें असे.

आज गांवोगांवीं निराळेच कारागीर दिसतात. कोणी जळालेली मोटार भरून देतो, कोणी ट्रॅक्टर दुरुस्त करतो, कोणी ठिबकाच्या नळ्या जोडतो. हे कोणाचे नोकर नाहींत आणि कोणाचे बलुतेदारही नाहींत. ह्यांना पगार नाहीं, रजा नाहीं, निवृत्तिवेतनही नाहीं.

माझा धाकटा मुलगा ह्यांपैकींच एक आहे. २०१८ सालीं कारखान्यांतील नोकरी सोडून त्यानें घराशेजारीं मोटारी भरण्याचें दुकान घातलें. महसूल खात्यांत जन्म काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मला तें रुचलें नव्हतें. पुढें त्याचें काम पाहून माझें मत पालटलें. उन्हाळ्यांत मध्यरात्रीं कोणी मोटार घेऊन आला तरी हा उठतो व सकाळपर्यंत ती भरून देतो.

पैशाचा प्रश्न निघाला कीं मात्र, "ऊस गेल्यावर देतों" हें उत्तर ठरलेलें. तांब्याची तार त्याला रोखीनें आणावी लागते. गेल्या चैत्रांत त्याच्या वहींत २७ असामींची बाकी होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक चांगले बागाईतदार होते. त्याच सुमारास एक दोन एकरांचा शेतकरी रोख पैसे घेऊन आला. दुकानांत तार नव्हती व पेढीवाला उधार देईना. तालुक्याहून मोटार भरून येईपर्यंत आठ दिवस गेले आणि त्या गृहस्थाचा भुईमूग वाळला. उधारी थोरांची, नुकसान लहानाचें! त्या रात्रीं मुलगा मला म्हणाला, "दादा, पुन्हां नोकरी धरूं का?" मजजवळ उत्तर नव्हतें.

शेतकरी बंधूंनो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें कारखान्यानें ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास त्यावर दरसाल शेंकडा १५ प्रमाणें व्याज लागतें. तें न मिळाल्यास आपण मोर्चे काढतों, आणि तें योग्यच आहे. मग जो न्याय आपण कारखान्याकडे मागतों, तोच आपल्या दारच्या कारागिरास कां देऊं नये?

ह्यासाठीं तीन गोष्टी कराव्या. मोटार टाकतांनाच दर, नव्या तारेचें वजन आणि निघालेली जुनी तार कोणाची, हें चिठ्ठीवर लिहून दोघांनीं सही करावी. तारेचे पैसे आगाऊ द्यावे. उरलेली मजुरी १४ दिवसांत चुकती करावी. कारागिरांनींही घरखर्चाची व धंद्याची वही निराळी ठेवावी. मुदत ठरलेली नसल्यास केलेल्या कामाच्या पैशांसाठीं दावा लावण्याची मुदत, १९६३ च्या कायद्याप्रमाणें, काम झाल्यापासून तीन वर्षेंच असते, हेंही विसरूं नये. अर्थात् गांवांत दाव्यापर्यंत पाळी येऊंच नये.

मुलानें अद्याप दुकान बंद केलेलें नाहीं. येत्या उन्हाळ्यांत आपली मोटार जळेल, तेव्हां तें उघडें असावें असें वाटत असेल, तर ज्याची बाकी असेल त्यानें ती आजच पोंचती करावी.