तणनाशकाचा अंश आणि आच्छादन पीक

चाकणचा बाजार कांद्याबटाट्यांसाठीं प्रसिद्ध आहे. त्याच बाजूच्या एका गांवाहून येणाऱ्या विद्यार्थ्यानें गतवर्षीं वर्गांत प्रश्न केला, “सर, आमचा मका झकास आला होता. त्याच वावरांत कांदा लावला, तर रोपें पिवळीं पडून जळालीं. असें कां?”

चौकशी करतां कळलें कीं, मक्यांतील तण मारण्यासाठीं ॲट्राझीन फवारलें होतें. मका व ज्वारी यांच्या अंगीं हें द्रव्य निर्विष करण्याची शक्ति आहे. कांदा, काकडी, सोयाबीन यांच्या अंगीं ती नाहीं. शिवाय चुनखडीच्या काळ्या जमिनींत, पावसानें ओढ दिली तर, त्याचा अंश बराच काळ रेंगाळतो. भूजल दूषित होतें म्हणून युरोपीय संघानें २००४ सालीं त्यास मान्यता नाकारली. आपल्याकडे तें वापरांत आहे.

आच्छादन पिकानें अशी जमीन सुधारण्यास साहाय्य होतें. मात्र पीकच सारें विष शोषून घेतें, ही समजूत अंशतःच खरी आहे. मुख्य काम मुळांभोवतींचे सूक्ष्म जीव करतात. जिवंत मूळ शर्करा व आम्लें पाझरवितें; त्यांवर जीवाणूंची दाट वस्ती वाढते, आणि त्यांतील कांहीं जाति ॲट्राझीन फोडून त्यांतील नत्र आपल्या पोषणास लावतात. पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत बुरशीला टाक्यांतून अन्न पुरवून पेनिसिलिन मिळवीत; शेतांत असें अन्न पुरविण्याचें काम मूळ करतें. उन्हांत तापत पडलेल्या उघड्या रानांत ही पंगत बसतच नाहीं.

परंतु कोणतें पीक पेरावें? ताग हें उत्तम हिरवळीचें खत खरें, पण तें शेंगवर्गीय. त्या कुळांतील पुष्कळ पिकें ॲट्राझीनपुढें टिकत नाहींत. म्हणून प्रथम ज्वारी दाट पेरून फुलोऱ्यापूर्वीं गाडावी, आणि ताग मागाहून घ्यावा. यांत एका हंगामाचें उत्पन्न बुडतें, व लहान शेतकऱ्यास हा तोटा थोडा नव्हे.

तत्पूर्वीं परीक्षा करावी. एका कुंडींत संशयित माती, दुसरींत कधींही न फवारलेल्या बांधाची माती भरून काकडीचें बीं टोंचावें. उगवणीवरून निर्णय करूं नये. हें द्रव्य बीजास नव्हे, तर पानांतील अन्ननिर्मितीस अडवितें. तीन आठवडे पानांच्या कडा पाहाव्या.

कारखान्यांच्या सांडपाण्यांतील क्रोमियम वा निकेल यांस मात्र हा उपाय लागू नाहीं. तीं मूलद्रव्यें आहेत. कोणताही जीवाणु तीं फोडून नाहींशीं करूं शकत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या कुंडींतील पानें पंधराव्या दिवशीं कडांनी पिवळीं पडलीं. वडिलांनीं यंदा कांदा न लावतां ज्वारी पेरली आहे. दिवाळीनंतर पुन्हां कुंड्या भरावयाच्या आहेत.