नवं स्वगत ऐकताना मी काय शोधतो

परवा एका तालमीत नवं स्वगत ऐकलं. मुलगी वडिलांना फोन लावते, ते उचलत नाहीत, तरी ती बोलत राहते. डोक्यातून जातच नाहीये.

स्वगत ऐकताना मी आधी एवढंच बघतो: हे पात्र कुणाशी बोलतंय, आणि आजच का? हे संहितेत नसेल तर उत्तम नटही फार वेळ तारू शकत नाही.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये आरोपी ठरवलेल्या बेणारेला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात तिचं लांबलचक स्वगत होतं. कोर्टाला ते ऐकू जात नाही, फक्त आपल्याला जातं! स्वगताची खरी ताकद ही.

स्वगतात हे बघतो, तसा एकांकिकेत मी शेवट तपासतो. नुसता धक्का द्यायला लिहिलेला शेवट लगेच ओळखू येतो.

पुण्यात १९६३पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला एकदा जाऊन बसाच. २०२२मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. वाद झाला, पण दर्जाचा तो आग्रह मला पटला.

आजच्या नाटककारांपैकी मनस्विनी लता रवींद्र, धर्मकीर्ती सुमंत, इरावती कर्णिक यांची नाटकं जरूर पाहा.

एकांकिका कशी वाचायची, कुठून सुरुवात करायची, काहीही विचारा. आणि अलीकडे तुम्ही काय पाहिलंत?