क्लॅरिओनेटचे अतितार स्वर

वरातीच्या बँडांत क्लॅरिओनेट आपण सर्वांनींच ऐकलेलें असतें. त्याचे खालचे स्वर भरीव व घुमणारे, मधले स्पष्ट व तेजस्वी. परंतु त्यांच्याहि वर, जेथें नवशिक्याच्या हातीं तें वाद्य किंचाळूं लागतें, तेथें स्वरांचा एक सबंध प्रदेश आहे, ही गोष्ट घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी तें शिकूं लागल्यावांचून सहसा लक्षांत येत नाहीं. आणि एकदां घरच्यांच्या लक्षांत आली म्हणजे शेजाऱ्यांच्याहि येतेच! या स्वरांसाठीं बोटें कशीं ठेवावीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ पाठांतराचा वाटतो. शिक्षणाच्या पुस्तकांतून तक्ते असतात, एकेका स्वराखालीं काळीं-पांढरीं वर्तुळें काढलेलीं असतात. तीं घोकलीं कीं झालें. मग खालच्या स्वरांस बहुधा एक किंवा दोनच मांडण्या पुरत असतांना वरच्या एकेका स्वरास अनेक मांडण्या कां दिलेल्या असतात? हें समजून न घेतां तक्ता पाठ करणें म्हणजे अर्थ न कळतां रूपावली घोकण्यासारखें आहे.

बासरींत खालचा सा धरून फुंक जोरानें मारली तर वरचा सा निघतो. क्लॅरिओनेटचें तसें नाहीं. त्याची नळी आंतून बहुतेक एकसारख्या रुंदीची असून, जेथें बोरूसारख्या वनस्पतीची तासलेली पत्ती बसविलेली असते त्या तोंडाच्या बाजूस ती बंद असल्यासारखी वागते. त्यामुळें तींतून मूळ स्वराच्या तिप्पट, पांचपट, सातपट अशा विषम पटींचेच स्वर चढत्या क्रमानें मिळतात. सा धरून डाव्या अंगठ्याची चावी दाबली कीं वरचा सा न येतां वरच्या सप्तकांतला पंचम येतो. आणखी एक पायरी चढलें कीं त्याच्याहि पुढच्या सप्तकांतला गंधार! हा गंधार आपल्या घरांत अपरिचित नाहीं. तंबोऱ्याची खर्जाची तार शांत खोलींत छेडली असतां तींतून आपोआप उमटणारा, ज्यास गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तोच हा. क्लॅरिओनेटच्या अतितार प्रदेशांतले पहिले कांहीं स्वर म्हणजे खालच्या निरनिराळ्या स्वरांचे असे स्वयंभू गंधारच होत.

पाश्चात्य देशांत आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या, क्लोझे व ब्यूफे यांनीं पॅरिस येथें १८३९ सालीं पुढें आणलेल्या व १८४४ सालीं हक्क नोंदविलेल्या रचनेचें वाद्य घ्या. डावा अंगठा, डाव्या हाताचीं तिन्ही बोटें व उजव्या हाताचीं पहिलीं दोन बोटें बंद ठेवा. हा आपला सा. अंगठ्याची चावी दाबा, पंचम. आतां बाकी कांहींहि न हलवितां डावी तर्जनी तेवढी उचला, गंधार. त्या एका उघड्या छिद्रानें नळींतील हवेस पुढची पायरी चढण्याची वाट करून दिली, इतकेंच. उजवीकडील बोटें एकेक करून उचलीत गेलें म्हणजे पुढचे वरचे स्वर मिळत जातात. तक्त्यांतील निम्मीं वर्तुळें या एका युक्तीनें उलगडतात.

तरीहि एक अडचण राहतेच. हा नैसर्गिक गंधार पेटीच्या गंधारापेक्षां किंचित् उतरलेला असतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारें सातव्या भागाइतका. पाश्चात्य वृंदवादन पेटीसारख्याच समान वाटणीच्या स्वरांच्या आधारानें चालतें. म्हणून येथें बहुतेक स्वरांस उजव्या करंगळीची एक जादा चावी उघडून स्वर थोडा चढवितात. सातपटीचा स्वर तर याहूनहि उतरलेला, कोमल निषादाच्या खालीं बसणारा. म्हणून अगदीं टोकाच्या स्वरांस निश्चित अशी एकच मांडणी सांगतां येत नाहीं. वाद्य, मुखनळी, पत्ती आणि वाजविणाऱ्याचे ओठ बदलले कीं उत्तर बदलतें.

मग निवड कशी करावी? मला वाटतें, सर्वांत आधीं शेजारचे स्वर पाहावे. वरचा डी, ई-फ्लॅट व ई हे तीन लगतचे स्वर घ्या. डी वाजवितांना उजवी तर्जनी खालीं असते; ई वाजवितांना उजव्या हाताचीं तिन्ही छिद्रें मोकळीं असतात. मधल्या ई-फ्लॅटसाठीं दोन मांडण्या रूढ आहेत. एकींत डीवरच उजव्या अनामिकेनें बारीकशी चावी दाबावयाची. दुसरींत तर्जनी वर ठेवून केवळ मधलें बोट टेकावयाचें. डीवरून येतांना पहिली सोयीची, ईवरून उतरतांना दुसरी. पण स्वर लांबवावयाचा असेल तर सोय बाजूस ठेवून जी अधिक सुरांत बसते तीच घ्यावी, मग बोटांस कितीहि त्रास पडो. जोर हाहि विचारांत घ्यावा लागतो. क्लॅरिओनेट जोरानें वाजविलें कीं स्वर उतरूं पाहतो आणि हळू वाजविलें कीं चढूं पाहतो. (बासरीचें नेमकें उलट आहे, दोघांस शेजारीं बसविणारांचें धैर्य खरोखर वाखाणण्यासारखें!) म्हणून एकाच स्वरास गर्जनेसाठीं एक व कुजबुजीसाठीं दुसरी मांडणी ठेवणारे वादक आहेत.

योग्य मांडणी न सांपडल्यास शिकणारा काय करतो? पत्ती दांतओठांनीं आवळतो. स्वर कसाबसा निघतो, पण बारीक व चढा. खालच्या ओठाला आंतून जखम होते आणि ती संवय सुटतां सुटत नाहीं. आवळण्याऐवजीं 'ई' म्हणतांना जीभ उचलली जाते तशी ती ठेवावी, आणि जो स्वर हवा तो आधीं मनांत ऐकावा, असें चांगले शिक्षक सांगतात. तंबोऱ्याशीं बसणाऱ्यांस यांत नवें कांहींच नाहीं.

वाद्यानेंच बदलावें असाहि एक मार्ग आहे. जर्मन संगीतकार लुई स्पोर यानें १८०८ सालीं झोंडर्सहाउझेन दरबारचा वादक हेर्मश्टेट याच्यासाठीं आपली पहिली क्लॅरिओनेट-रचना लिहिली, तेव्हां त्याला त्या वाद्याची व्याप्ति सोडून फारसें कांहीं ठाऊक नव्हतें. हेर्मश्टेटनें अवघड जागा बदलून मागितल्या नाहींत. आपल्या वाद्यास नव्या चाव्या बसवून घेतल्या.

याउलट अमेरिकेंतील बेनी गुडमन याची गोष्ट. त्यानें १९४७ सालीं आरन कोपलंड याजकडून क्लॅरिओनेटची एक मोठी रचना करवून घेतली व ६ नोव्हेंबर १९५० रोजीं ती प्रथम वाजविली. तींतील एका अतितार स्वराविषयीं त्यानें आधींच शंका काढली. कोपलंडनें तर तोच स्वर गुडमनच्या तबकड्यांवरून ऐकलेला होता. गुडमनचें म्हणणें असें पडलें कीं, श्रोत्यांसमोर जॅझच्या भरांत आपण तेथवर सहज पोंचतों, पण कागदावर लिहिलेला स्वर वाचून वाजवावयाचा किंवा मुद्रित करावयाचा झाला तर तो लागेलच अशी खात्री देतां येत नाहीं. कोपलंडनें तो स्वर बदलला.