पाण्याच्या वाटेत हवा

नदीकाठी ज्यांची शेती आहे त्यांना मी आरंभी काही नवे सांगणार नाही. पावसाळा ओसरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे घालतात, पाणी तुंबते, आणि पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठाने पंप सुरू होतात. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. एखाद्या पहाटे तुम्ही बटण दाबता, मोटार नेहमीपेक्षा मोकळी, हलक्या आवाजात फिरते, आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी काही येत नाही. घरातला जाणता माणूस लांबूनच ऐकतो आणि ओरडतो, "अरे, हवा धरलीय! बंद कर आधी!"

नदीत पाणी आहे, मोटारीत वीज आहे, पंखा फिरतो आहे, आणि तरीही पाणी हलत नाही. असे का व्हावे? पंपातला पंखा पाणी ओढतो अशी आपली समजूत असते. तो ओढत नाही, फेकतो. गोफणीतला दगड बाहेर जावा तसे पाणी पंख्याच्या कडेकडे फेकले जाते, मध्यभागी दाब कमी होतो, आणि बाहेरचे वातावरण नदीच्या पाण्यावर दाब देऊन ते पाइपातून वर चढवते. आता पंख्यात पाण्याऐवजी हवा असली तर? हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. दगडाऐवजी कापूस घालून गोफण फिरवण्यासारखेच ते. मध्यभागी दाब पुरेसा उतरत नाही आणि नदीचे पाणी जागचे हलत नाही. म्हणून आपण पंप आधी पाण्याने भरून घेतो, फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर शेणकाला ओतून तात्पुरता बसवतो. ही युक्ती आपल्या वाडवडिलांना पुस्तकावाचून ठाऊक होती.

हे सगळे सांगायचे कारण एक मोटारगाडी. माझा एक जुना विद्यार्थी मागच्या उन्हाळ्यात आपली गाडी घेऊन आला. इंजिनावर सुपरचार्जर बसवलेली, बाहेरून आणलेली, किमतीचा आकडा मी इथे सांगत नाही. कोकणातून गगनबावड्याचा घाट चढताना पहिली दोन वळणे गाडी वाऱ्यासारखी येई आणि मग एकाएकी दम टाकी. एका गॅरेजात पाण्याचा पंप दोनदा बदलून झाला होता. तो म्हणाला, "सर, आता इंजिनच खोलायचं म्हणतात." मी पुढचे झाकण उघडायला लावले, इंजिन थंड होते, चावी फिरवली तेव्हा छोटा विजेचा पंप गुणगुणू लागला, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. नदीवरच्या हवा धरलेल्या मोटारीचाच तो आवाज होता, लहान तोंडाने काढलेला.

आता सुपरचार्जर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिनाला इंधन जाळायला हवा लागते. जास्त हवा कोंबली तर जास्त इंधन जळते आणि जास्त जोर मिळतो. हवा कोंबणारा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तो सुपरचार्जर. धुराच्या झोताने फिरत असेल तर टर्बोचार्जर, जो आपल्या उसाच्या ट्रकांवरही असतो. गंमत अशी की सुपरचार्जरचा एक प्रसिद्ध प्रकार मोटारीसाठी जन्मलाच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, आणि तो वापरला गेला भट्ट्यांना वारा घालायला. लोखंड वितळवायचे तर भट्टीला वारा हवाच, हे कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही विचारा. भट्टीचा भाता गाडीच्या पोटात बसला आणि १९२१ साली मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या.

पण हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना पंपाचे बूड हाताला लागते ना, तेच. ३० अंशांची हवा दीडपट दाबाला नेली तर ती साधारण ८० अंशांच्या घरात पोचते. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो; शिवाय सिलिंडरात पेट्रोल वेळेआधीच भडकू लागते आणि इंजिन खडखडते. म्हणून हवा इंजिनात जाण्याआधी तिला गार करणारी पेटी मध्ये ठेवतात. ती पेटी म्हणजे इंटरकूलर. ट्रकांवर हा इंटरकूलर बहुधा समोरच्या वाऱ्यानेच गार होतो, त्यात पाणी नसते. पण सुपरचार्जरच्या बऱ्याच गाड्यांत, आणि हल्ली काही छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांतसुद्धा, इंटरकूलर पाण्याने गार करतात. इंजिनाच्या रेडिएटरपेक्षा निराळी अशी एक लहान पाणीवाट असते: समोर पातळ रेडिएटर, एक छोटी टाकी, एक विजेचा पंप आणि इंटरकूलर. आपला सगळा खटला या लहान वाटेचा आहे.

पाणी का वापरतात? एक लिटर पाणी एक अंश तापताना जेवढी उष्णता उचलते, तेवढी उचलायला सुमारे ३५०० लिटर हवा लागते. म्हणजे या वाटेत जिथे बुडबुडा बसला तिथे उष्णता वाहून नेणारा हमालच उरला नाही. आणि तोच बुडबुडा पंपात शिरला तर सगळी वाटच थांबते. घाटातल्या गाडीचे तेच होत होते. पाणी इंटरकूलरात जागच्या जागी तापे, आत जाणारी हवा तापे, आणि इंजिनाचा संगणक खडखड टाळण्यासाठी जोर कमी करी. इंजिन बिचारे शहाणपणाने वागत होते.

शिक्षकांसाठी इथे एक प्रयोग सांगतो, कारण बुडबुडा इतका हट्टी का असतो हे तोंडाने सांगून पटत नाही. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळी वापरतात, ती पाचसहा मीटर घ्या. एक बादली आडवी ठेवून तिच्याभोवती नळीचे चार वेढे उभे गुंडाळा. एक टोक वेढ्यांच्या वर हातभर उंच धरून त्यात नरसाळे बसवा, दुसरे टोक खाली मोकळे ठेवा. आता सावकाश पाणी ओता. मुले म्हणतील, पाणी खालून बाहेर येणार. येत नाही! नरसाळे भरून राहते. नीट पाहिले तर प्रत्येक वेढ्यात चढत्या बाजूला पाणी आणि उतरत्या बाजूला हवा असे अडकलेले दिसते. चढत्या बाजूचे चारही पाण्याचे खांब एकमेकांत मिळवा. तेवढी उंची नरसाळ्याला हवी, आणि ती आपल्याकडे नाही. गाडीतल्या नळ्या अशाच वरखाली वळलेल्या असतात आणि पंप असतो मुठीएवढा.

तेव्हा अशी गाडी समोर आली तर पहिला प्रश्न विचारावा: बुडबुडे कधी येतात?

पाणी नुकतेच बदलल्यावर येत असतील आणि हळूहळू कमी होत असतील, तर ती भरताना अडकलेली हवा आहे. काळजीचे कारण नाही, पण ती काढावी लागते. टाकीचे तोंड संबंध वाटेत सर्वांत उंच आले पाहिजे. ते येत नसेल तर गाडी त्या बाजूने चढावर उभी करावी. सावकाश भरावे. वरच्या अंगाला हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करावा, बुडबुड्यांसकट पाणी येऊ द्यावे, आणि अखंड धार लागली की धार चालू असतानाच आवळावा. डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला की आपला ड्रायव्हर जे करतो तेच हे. त्याला हे शिकवायला नको. एक गोष्ट मात्र निराळी आहे. विजेचा पंप सलग चालू ठेवू नये. दहावीस सेकंद चालवावा, मग बंद करून मिनिटभर थांबावे. चालू पंप बुडबुड्याला फिरवत राहतो, बंद झाल्यावर त्याला वर यायला सवड मिळते. ही थांबण्याची पायरी लोक घाईने गाळतात, आणि माझ्या मते अर्ध्या तक्रारी तिथेच जन्मतात. काही गाड्यांत पंप नुसत्या चावीने चालत नाही, संगणकाचे यंत्र जोडावे लागते; तिथे जाणत्या मिस्त्रीकडे जाणेच बरे.

बुडबुडे बारीक असतील आणि कितीही हवा काढली तरी पंप चालू असेपर्यंत येतच राहत असतील, तर वाट कुठेतरी हवा पिते आहे. ही जागा पंपाच्या आधीच्या अंगाला शोधावी. तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असू शकतो, म्हणून सैल क्लिपेतून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली ओल दिसत नाही म्हणून माणूस फसतो. नदीवरच्या सक्शन पाइपाला सुईएवढे भोक पडले की असेच होते. क्लिपा बदलाव्यात, मऊ पडून आत चिमटणारी नळी फेकून द्यावी. टाकीतही एकदा डोकावावे. परतीचे पाणी वरून धबधब्यासारखे पडत असेल किंवा पाणी कमी होऊन भोवरा धरत असेल तर टाकीच फेस करते. परतीचे तोंड पाण्याखाली नेले की फेस थांबतो. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत क्लिप आणि टाकी, दोन्ही दोष निघाले. नव्या पंपाचा काही अपराध नव्हता, जुन्याचाही नव्हता.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे. गाडी उभी असताना पाणी शांत, पण जोर दिला की टाकीत बुडबुड्यांचा लोट उठतो, झाकण उघडताना दाब जाणवतो. अशा वेळी इंटरकूलरच आतून फुटलेला असण्याचा संभव असतो. सुपरचार्जरने दाबलेली हवा पाण्यात घुसते. आता उलटे काय होईल याचा विचार करा. गाडी बंद केली की हवेचा दाब जातो आणि पाणी त्याच भोकातून इंजिनाच्या हवेच्या वाटेत झिरपते. सकाळी चावी मारली आणि सिलिंडरात पाणी असले, तर हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून ही शंका आली की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. इंटरकूलर सोडवून, तोंडे बंद करून, बेताच्या दाबाची हवा भरून पाण्यात बुडवला की छिद्र दिसते. पंक्चर काढणाऱ्याची रीत इथेही चालते.

आणि ही लहान वाट इंजिनाच्या मोठ्या वाटेशी एकाच टाकीत मिळते का, हे आधी पाहून घ्यावे. मिळत असेल तर बुडबुडे हेड गॅस्केट जळाल्याचेही असू शकतात. त्याची परीक्षा सोपी आहे: टाकीवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, तिच्यात इंजिनाचा धूर असेल तर द्रव पिवळा पडतो. दोन वाटा पूर्ण वेगळ्या असतील तर इंटरकूलरच्या बुडबुड्यांचा दोष गॅस्केटला देऊन हेड खोलू नये. माझ्या विद्यार्थ्याचे इंजिन खोलायला निघाले होते ते याच गोंधळात.

घरच्या घरी एक तपास करता येतो. थोडी गाडी फिरवून आणल्यावर या लहान वाटेच्या नळ्यांना बेताने हात लावून पाहावा. इंटरकूलरची नळी कढत आणि पुढच्या रेडिएटरची नळी थंडगार असेल तर पाणी फिरत नाही. हात पंख्यापासून दूर ठेवा. इंजिन बंद असतानाही तो आपोआप सुरू होतो.

पाणी कोणते घालावे? विहिरीचे, नळाचे नको. त्यातले क्षार आत बसतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी घालावे, दोन जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणारे भेटतात. तो गंज थांबवतो म्हणून. मात्र जास्त घालून फायदा नाही. उष्णता उचलण्यात साधे पाणी त्याच्यापेक्षा सरस आहे.

ट्रॅक्टर, जीप, ट्रक, कोणतीही गाडी असो, आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मुलांनाही सांगा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरांहून उंच, इथे उघडे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. झाकणाच्या दाबाखाली ते ११५ अंशांपर्यंतही न उकळता बसलेले असते. झाकण फिरवले की दाब जातो, सगळे पाणी त्याच क्षणी उकळी फुटून वर येते, आणि ते तोंडावर येते. वाफ दिसली की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. नळी हाताने चेपता येण्याइतकी निवली की जाड फडके घालून झाकण अर्धे फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मगच काढा.

तो विद्यार्थी परवा पुन्हा भेटला. घाट आता एका दमात चढतो म्हणाला. टाकीत पाणी पाहतोस का, असे विचारले तर हसून म्हणाला, "दर रविवारी, सर. गाडी थंड असतानाच."