उड्या मारणारा कोळी : गोठ्यातील व शेतातील एक शिकारी

गोठ्याच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात, एखादी माशी पाय चोळीत बसलेली असते. तिच्यापासून वीतभर अंतरावर एक लहानसा केसाळ कोळी दबा धरून असतो. तो दोन पावले सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. माशी हलली की जागच्या जागी निश्चल होतो. मग एकाच झेपेत माशी त्याच्या जबड्यात सापडते. जाळे नाही की सापळा नाही. मांजराने उंदीर धरावा तशी ही शिकार.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पायकुली असे आहे. ऑदुआँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाच्या मालवाहतुकीबरोबर तो जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरला असून आपल्याकडेही तो घरे व गोठे यांच्या भिंतींवर आढळतो. लिंबूवर्गीय फळबागांत व कपाशीच्या शेतातही त्याचा वावर असतो. लांबी सुमारे एक सेंटिमीटर. नर काळा असून त्याच्या पाठीवर मधोमध रुंद पांढरा पट्टा असतो. मादी करडी-तपकिरी व तिचा पट्टा मळकट पिवळसर असतो. त्यामुळे ही दोन निराळ्या जातींची जनावरे आहेत असे वाटण्याचा संभव असतो.

त्याची खरी संपत्ती म्हणजे त्याचे आठ डोळे. पुढील दोन मोठे डोळे दुर्बिणीसारखे लांबट असून त्यांनी त्यास भक्ष्याचा आकार स्पष्ट दिसतो. बाजूचे व मागचे डोळे हालचाल टिपतात. म्हणून पाठीमागून बोट नेले तरी तो चटकन वळून पाहतो. उडी मारण्यासाठी त्याच्या पायांत टोळासारख्या जाड मांड्या नाहीत. शरीरातील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून तो मागचे पाय ताठ करतो व झेप घेतो. झेपेपूर्वी रेशमाचा एक धागा मात्र तो भिंतीस चिकटवितो. नेम चुकला तर त्याच धाग्याने लोंबकळत परत येता येते.

रेशमाचा दुसरा उपयोग निवाऱ्याचा. खाचेत किंवा फटीत तो पांढरी पिशवी विणतो, तीत रात्री विश्रांती घेतो व कात टाकतो. मादी अशाच पिशवीत अंडी घालून त्यांवर पहारा करते.

येथे नावाचा एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. पिकांचा रस शोषणारा 'लाल कोळी' हा खरा कोळी नव्हे. ती डोळ्यांस जेमतेम दिसणारी, पानाच्या खालच्या बाजूस राहणारी निराळीच कीड आहे. दुकानात मिळणारे कोळीनाशक औषध तिच्यासाठी असते. पानावर उड्या मारणारा कोळी पाहून ते औषध आणणे म्हणजे पैसा वाया घालवून शेताचा राखणदार घालविणे होय.

कोळी अंगावरून गेला की फोड येतात, ही समजूतही अशीच. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा पीडेरस नावाचा लहान नारिंगी-काळा भुंगेरा अंगावर चिरडला गेला, की त्याच्या विषाने कातडीवर चट्टे व फोड उठतात. दोष येतो बिचाऱ्या कोळ्यावर. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे विष माश्यांस पुरेसे, माणसास धोक्याचे नाही.

त्याचे गुण अवास्तव वाढवून सांगण्याचेही कारण नाही. त्यास शत्रुकीड व मित्रकीड हा भेद कळत नाही; पेलेल अशी मधमाशी सापडली तर तीही तो खाईल. केवळ त्याच्या भरवशावर कीड आटोक्यात येणार नाही. परंतु सरसकट मारलेल्या कीटकनाशकाने असे सर्वच कोळी मरतात, आणि त्याचे फळ भातशेतीत दिसून आले आहे : कोळी व इतर भक्षक नाहीसे झाल्यावर तपकिरी तुडतुडे पूर्वीपेक्षा जोराने वाढले. यास्तव आधी पीक पाहावे, किडीचे प्रमाण नुकसानीच्या पातळीपर्यंत गेले असेल तरच फवारणी करावी, व तीही शक्य तेथे लागलेल्या भागापुरतीच.

गोठ्याची झाडलोट करताना तुळईच्या खाचेत अशी पांढरी पिशवी दिसली व आत मादी बसलेली असली, तर ती तशीच राहू द्यावी. पिले बाहेर पडून पांगल्यावर रिकामी पिशवी खुशाल झाडून टाकावी.