रसायनशास्त्राचे प्राध्यापक होताना

महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधराला पात्रता आणि नियुक्ती या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. कारण पहिली त्याच्या अभ्यासावर अवलंबून असते, तर दुसरी बरीचशी त्याच्या हाताबाहेरची असते.

सहायक प्राध्यापकपदासाठी एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत मिळते आणि त्याखेरीज नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १ जुलै २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक केली असली, तरी निवडीच्या गुणांकनात तिचे वजन कायम आहे. विज्ञान विषयांची नेट देशपातळीवर होते व चुकीच्या उत्तराला गुण कापते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तीत गुण कापले जात नाहीत.

पात्रता हाती आली, तरी अनुदानित महाविद्यालयातील रिक्त पद शासनाने भरतीस परवानगी दिल्याशिवाय आणि बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे ठरवणारा तक्ता, तपासून झाल्याशिवाय जाहिरातीत येत नाही. तोवर अनेक नेट-सेटधारक तासिका तत्त्वावर शिकवतात. कायम पदावरील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, तर तासिकेवरील शिक्षकाला केवळ घेतलेल्या तासांचे मानधन मिळते.

अध्यापनाची खरी परीक्षा मात्र प्रयोगशाळेत होते. ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणात ब्यूरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचे पहिले थेंब पडले की गुलाबी रंग काही वेळ तसाच राहतो आणि अंतिम बिंदू आला असे समजून विद्यार्थी लगेच वाचन लिहून मोकळा होतो. ही अभिक्रिया तिच्यातूनच तयार होणाऱ्या मँगनीज आयनांमुळे वेग घेते, म्हणून ती सुरुवातीला मंद असते. यालाच स्वयंउत्प्रेरण म्हणतात. उत्तर सांगून टाकण्याऐवजी विद्यार्थ्याला थोडे थांबवून, पुढचे थेंब झपाट्याने रंगहीन का होतात हे त्याच्याकडूनच काढून घेणारा शिक्षक हे कसब पात्रता परीक्षेतून नव्हे, तर प्रात्यक्षिकांच्या तुकड्या सांभाळताना कमावतो.

म्हणूनच एम.एस्सी.च्या अखेरच्या वर्षातच नेट-सेट देणे आणि जमल्यास शिष्यवृत्तीवर संशोधनाला लागणे शहाणपणाचे ठरते. कायम पदाची वाट पाहावी लागली, तरी ती वर्षे वाया जात नाहीत आणि उद्योगातील संशोधनाची वाटही खुली राहते.